शंभर किलोचं बॅगाटेल: चिपशिवाय चालणारं पिनबॉल लोक अजून का खेळतात?

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणाऱ्या माझ्या भाच्याने गेल्या वर्षी तळघरात एक पिनबॉल यंत्र आणून ठेवलं. १९६६ सालचं, शिकागोच्या गॉटलिब कंपनीचं, नाव ‘सेंट्रल पार्क’. तिघांनी मिळून जिन्यावरून उतरवताना एकाचा पाय मोडता मोडता वाचला. बातमी ठाण्याला पोचली तेव्हा त्याच्या आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, फोनवर एवढंच विचारलं, “एवढे डॉलर घालून बॅगाटेल आणलं? आपलं माळ्यावर पडलंय ना!”

तिचं काही चुकलं नव्हतं. पिनबॉल म्हणजे बॅगाटेलच. खिळे ठोकलेली उतरती पाटी, उजवीकडे स्प्रिंगचा दट्ट्या आणि कुठल्या खळग्यात पडेल याचा नेम नसलेली गोळी. फरक इतकाच की हे बॅगाटेल शंभरेक किलोचं आहे, त्याला चार पाय आणि मागे गुण नि चित्रं दाखवणारं काचेचं उभं कपाळ आहे आणि पोटात तारांचं जंगल आहे.

लोक याला जुन्या आठवणींचं वेड म्हणतात. पण भाचा १९८९ साली ठाण्यात जन्मला. त्याच्या लहानपणी पिनबॉल होतं ते कॉम्प्युटरच्या पडद्यावर. जे कधी अनुभवलंच नाही, त्याची आठवण कसली येणार? मग कारण दुसरंच काहीतरी असलं पाहिजे.

मला ते तळघराच्या पायऱ्या उतरतानाच ऐकू आलं. माझी नोकरी टेलिफोन खात्यात गेली, त्यातली पहिली पंधरा वर्षं जुन्या स्ट्रोजर एक्स्चेंजमध्ये, म्हणजे फोन जोडायचं काम हलत्या खटक्यांनी करणाऱ्या एक्स्चेंजमध्ये. खालून येणारी ती खटखट, मध्येच मोटरची घरघर आणि पुन्हा खट्, हे सगळं माझ्या ओळखीचं होतं. त्या पेटीत आमचंच एक्स्चेंज भरलेलं होतं, वर फक्त घंटा आणि रंगीत दिवे लावलेले.

आधी थोडा वंशवृक्ष

बॅगाटेल हा मुळात फ्रेंच खेळ. तेव्हा गोळी काठीने ढकलायचे, बिलियर्डसारखी. १८७१ साली अमेरिकेत सिनसिनाटी शहरातल्या माँटेग्यू रेडग्रेव्हने स्प्रिंगच्या दट्ट्याचं पेटंट घेतलं आणि खेळाची पाटी लहान झाली, टेबलावर मावू लागली. १९३१ साली शिकागोच्या डेव्हिड गॉटलिबने ‘बॅफल बॉल’ नावाची पेटी साडेसतरा डॉलरला विकायला काढली. जागतिक मंदीचे दिवस होते. एका सेंटात करमणूक होत असेल तर कोणाला नको? दुकानादुकानांच्या गल्ल्यावर या पेट्या जाऊन बसल्या.

तोपर्यंत आत वीज नव्हती. ती १९३३ साली हॅरी विल्यम्सच्या ‘काँटॅक्ट’मध्ये आली, बॅटरीवर. गोळी खळग्यात पडली की विजेच्या धक्क्याने ती उसळून पुन्हा बाहेर यायची आणि घंटा वाजायची. तरी खेळणाऱ्याच्या हातात दट्ट्या ओढणं आणि पेटीला धक्के देणं, याहून जास्त काही नव्हतं. गोळी सुटली की पुढचं देवाच्या हवाली.

१९४७ साली गॉटलिब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’त फ्लिपर आले. बटण दाबलं की उसळून गोळीला फटका देणारे छोटे हात. त्या यंत्रात ते सहा होते, पाटीच्या दोन्ही कडांना. पुढच्याच वर्षी जेन्को कंपनीच्या स्टीव्ह कॉर्डेकने सहाऐवजी दोनच ठेवले, तेही अगदी तळाशी, गोळी जिथून निसटते तिथे. आज जगातलं कुठलंही पिनबॉल डोळ्यांसमोर आणा, तळाशी ते दोन हात दिसतील. पाटीची ही मांडणी पंचाहत्तरहून जास्त वर्षं टिकली आहे.

‘इलेक्ट्रोमेकॅनिकल’ म्हणजे नेमकं काय?

हा लांबलचक शब्द एकदाच समजून घेऊ. वीज आहे, पण इलेक्ट्रॉनिक्स नाही. चिप नाही, ट्रान्झिस्टर नाही, प्रोग्रॅम नाही. वीज फक्त ताकद पुरवते, हिशोब आणि निर्णय हलणारं लोखंड-पितळ करतं. १९३० च्या दशकापासून १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंतची यंत्रं या जातीची. त्यांना पुढे आपण नुसती ‘जुनी यंत्रं’ म्हणू.

आतला मुख्य माल तीनच प्रकारचा.

पहिली कॉइल. तारेचं वेटोळं, मध्ये लोखंडी दांडा. वीज सोडली की वेटोळं चुंबक होतं आणि दांडा खस्सकन आत ओढला जातो. दाराची ‘टिंग-टाँग’ बेल उघडून पाहिली असेल तर तुम्ही ही गोष्ट पाहिलेली आहे. बटण दाबल्यावर दांडा एका पट्टीवर आपटतो तो टिंग, सोडल्यावर मागच्या पट्टीवर आपटतो तो टाँग. फ्लिपर, बंपर (गोळी आपटली की तिला उसळवणारा खुंट), घंटा, गोळी बाहेर फेकणारा ठोकळा, सगळं या कॉइलवर.

दुसरा स्विच. दोन पातळ पत्र्याच्या पट्ट्या, टोकाला धातूचे ठिपके. गोळीने धक्का दिला की ठिपके टेकतात.

तिसरा रिले, आणि खरी गंमत इथे आहे. रिले म्हणजे असा स्विच, जो माणूस किंवा गोळी नाही तर वीजच दाबते. छोट्या कॉइलने एक पट्टी ओढली की तिच्याबरोबर चार-सहा स्विच एका दमात बदलतात. त्यातला एक स्विच त्याच रिलेच्या कॉइलला वीज देत राहील अशी जोडणी केली तर? मग रिले एकदा ओढला गेला की स्वतःच स्वतःला धरून बसतो. गोळी पुढे निघून गेली तरी ‘ती इथे येऊन गेली’ हे यंत्राला माहीत असतं.

एवढ्यावर यंत्राला स्मरणशक्ती आली. एक्स्चेंजमध्ये कोणी फोन उचलला होता, हे आम्हीही याच पद्धतीने लक्षात ठेवायचो. म्हणजे आम्ही नाही, रिले.

हिशोब कोण ठेवतं?

जुन्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा लोखंडी मीटर आठवा. आकड्यांची चाकं, एकाचा फेरा पूर्ण झाला की शेजारचं एक घर पुढे. जुन्या पिनबॉलचा गुणफलक जवळपास तोच. एकं, दहं, शतकं, हजार अशी चाकं, आणि प्रत्येकाला स्वतःची कॉइल. कॉइल एकदा ओढली की चाक एक दात पुढे सरकतं. नऊवरून शून्यावर जाताना ते स्विच टेकवतं आणि पुढच्या चाकाच्या कॉइलला वीज मिळते. हातचा एक, अक्षरशः.

गोळी दहा गुणांच्या बंपरवर आपटली की बंपरचा स्विच टेकतो, दहाचा रिले ओढला जातो, दहाचं चाक एक घर फिरतं आणि दहाची घंटा वाजते. हे सगळं इतक्या झटकन होतं की आपल्याला एकच ‘टण्’ ऐकू येतो.

पन्नास गुण द्यायचे झाले तर? पन्नासचं वेगळं चाक नाही. दहाच्या चाकाला पाच वेळा ढकलायला हवं, मोजून पाच, ना चार ना सहा. हे काम स्कोअर मोटरचं. जुन्या वॉशिंग मशीनचा गोल टायमर पाहिला असेल. खटका फिरता फिरता आधी पाणी, मग धुणं, मग पिळणं असं एकेक सुरू करत जातो. स्कोअर मोटर तशीच, खाचा पाडलेल्या चकत्या फिरवणारी. गॉटलिबच्या यंत्रांत ती एक तृतीयांश फेरा मारते आणि तेवढ्यात पाच ठोके देते. टण् टण् टण् टण् टण्. ज्याने एकदा ऐकलंय त्याला झोपेतही ओळखू येईल.

यातून एक विचित्र गोष्ट घडते. मोटर पाच ठोके देत असताना गोळी आणखी कशावर आपटली, तर तो गुण कित्येकदा मोजलाच जात नाही. यंत्र बोलत असतं, त्यामुळे तुमचं ऐकत नाही. मुरलेले खेळाडू हे ओळखून असतात आणि मोठा फटका मारायला मोटर थांबायची वाट बघतात. मला हे कळलं तेव्हा सरकारी खिडकीवरचे काही जुने सहकारी आठवले.

आणखी एक. वीज गेली तर हा हिशोब कुठे जातो? कुठेच नाही. चाकं जिथे होती तिथेच थांबतात. वर्षाने प्लग लावला तरी शेवटच्या डावाचे गुण जसेच्या तसे समोर. फुकट डाव किती शिल्लक आहेत हेही एका दातेरी चाकावरच लिहिलेलं असतं. हे चाक लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

नियम तारांमध्ये लिहिलेले असतात

समजा यंत्राचा नियम असा आहे: चारही टार्गेटं (गोळीने पाडायच्या उभ्या पट्ट्या) पाडली तरच मधल्या खळग्याचा दिवा लागेल. कॉम्प्युटरला हे सांगायला आपण ओळ लिहितो. जुन्या यंत्रात काय करतात? चार टार्गेटांच्या चार रिलेंचे स्विच एकापुढे एक जोडतात, एकाच तारेवर. सोसायटीचं फाटक, इमारतीचं दार, ग्रिल आणि घराचं दार या चारही गोष्टी उघड्या असतील तरच पाहुणा आत येतो ना, तसं. ‘हे आणि ते’ म्हणजे स्विच एका रांगेत. ‘हे किंवा ते’ म्हणजे स्विच शेजारी शेजारी. घराला पुढचं आणि मागचं दार असेल तर कुठलंही एक उघडं असलेलं पुरतं.

रिलेंच्या अशा जोडणीमागे तर्कशास्त्राचं चोख गणित आहे, हे क्लॉड शॅनन नावाच्या तरुणाने १९३७ साली एमआयटीतल्या आपल्या पदव्युत्तर प्रबंधात दाखवलं. आजच्या सगळ्या डिजिटल यंत्रांची ती पायाभरणी. त्याच काळात शिकागोचे पिनबॉलवाले हेच काम पेन्सिल, पक्कड आणि अनुभव यांच्या जोरावर करत होते. मला यात कमीजास्त काही दिसत नाही. आमच्या खात्यातही प्रबंध न वाचलेले पण नुसत्या आवाजावरून नादुरुस्त रिले दाखवणारे लोक होतेच.

प्रत्येक यंत्रासोबत त्याचा नकाशा येतो, घड्या घातलेला, उलगडला तर जेवणाचं टेबल व्यापणारा. तोच या यंत्राचा प्रोग्रॅम. कागदावरची रेघ बोटाने धरा, त्याच रंगाची तार पेटीत शोधा आणि तिच्यामागे जा, कुठल्या ना कुठल्या नियमापाशी पोचाल. भाच्याने पहिल्या रात्री मला नकाशा दाखवला. तो सॉफ्टवेअरवाला. म्हणाला, “मामा, मी रोज कोड लिहितो, पण चालताना तो कधी बघितला नव्हता. इथे दिसतो.”

या यंत्रांचं आकर्षण नेमकं कशात आहे, हे मला त्या वाक्यात सापडलं. आजच्या वस्तू काय ठरवतात ते आपल्याला कळतं, कसं ठरवतात ते कळत नाही. या पेटीचं झाकण उचलून डाव खेळलात, तर यंत्राचा विचार डोळ्यांनी दिसतो आणि कानांनी ऐकू येतो.

फ्लिपर: जोर आणि धीर

सगळ्या भागांत मला फ्लिपरची कॉइल सगळ्यात चलाख वाटते. गोळी स्टीलची, सत्तावीस मिलिमीटर व्यासाची, ऐंशी ग्रॅम वजनाची. तिला पाटीच्या वरच्या टोकापर्यंत पाठवायला जबरदस्त झटका हवा. पण खेळाडू कधी कधी बटण दाबूनच ठेवतो, गोळी फ्लिपरवर झुलवत, नेम धरत. तेवढा वेळ पूर्ण वीज चालू राहिली तर कॉइल जळून जाईल.

तोडगा असा: एकाच कॉइलमध्ये दोन वेटोळी. एक जाड तारेचं, जोरकस. दुसरं बारीक तारेचं, कमी वीज खाणारं. बटण दाबताच जाड वेटोळं झटका देतं. फ्लिपर पूर्ण वर गेला की तो स्वतःच शेवटाचा एक स्विच उघडतो, आणि वीज आता बारीक वेटोळ्यातूनही जायला लागते. जोर कमी, पण फ्लिपर वर धरून ठेवायला पुरेसा. गव्हाचं पोतं पाठीवर घेताना जी ताकद लागते, ती घेतल्यावर उभं राहायला लागत नाही. शेवटाच्या त्या स्विचचे ठिपके काळे पडले की झटका ढिला होतो आणि खेळाडू म्हणतो, “हात मेला.”

ओळंबा आणि धक्का

पिनबॉल फक्त दोन बटणांचा खेळ आहे, हा समज जुन्या यंत्रासमोर पाच मिनिटांत जातो. जुन्या यंत्रांतले फ्लिपर दोनच इंच लांब. तीन इंचांचे १९६८ च्या सुमारास येऊ लागले. म्हणजे दोन हातांमधली फट मोठी आणि गोळी सरळ त्या फटीकडे येत असेल तर बटणं काही कामाची नाहीत. तेव्हा पेटीलाच हलका धक्का द्यायचा. पाटीचा उतार जेमतेम साडेतीन अंशांचा (नव्या यंत्रांत साडेसहाच्या आसपास), गोळी रेंगाळत येते, त्यामुळे तळहाताच्या टेकूनेही तिची वाट बदलते.

हे चालतं. हा खेळाचाच भाग आहे. पण किती? ते ठरवणारी युक्ती गवंड्याच्या पिशवीतली आहे. पेटीच्या आत एक ओळंबा टांगलेला असतो, भोवती धातूचं कडं. धक्का बेताचा असेल तर ओळंबा झुलतो, कड्याला लागत नाही. जास्त झाला की ओळंबा कड्याला टेकतो, काचेवर ‘टिल्ट’ हा शब्द उजळतो आणि फ्लिपर मरतात. काही यंत्रांत चालू गोळी जाते, काहींत अख्खा डाव.

न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर अॅस्बरी पार्क इथे पिनबॉलचं संग्रहालय आहे. तिथे तासाचे पैसे भरायचे आणि हवं ते यंत्र खेळायचं. साठीपुढचा एक गृहस्थ जुन्या यंत्रावर खेळत होता. लांबून पाहिलं तर तो नुसता उभा होता. जवळ गेल्यावर दिसलं, त्याच्या तळहाताचा मागचा भाग आणि उजवी मांडी सतत पेटीशी काहीतरी बोलत होती. टिल्ट एकदाही नाही. कॅरममध्ये कटिंग करताना बोट किती लावायचं हे जसं सांगता येत नाही, तसंच ते होतं.

“पण हा तर जुगार होता ना?”

ही शंका रास्त आहे, कारण अमेरिकेतल्या पालिकांनाही असंच वाटलं होतं. न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला ग्वार्डिया यांनी १९४२ साली पिनबॉलवर बंदी आणली. पोलिसांनी यंत्रं जप्त करून घणाने फोडली. लॉस एंजेलिसमध्ये बंदी होती, आणि जिथे यंत्रं बनत त्या शिकागोतही.

आता वर्ष पाहा. फ्लिपर आले १९४७ साली. बंदी आली तेव्हा पिनबॉल खरोखरच बहुतांशी नशिबाचा खेळ होता आणि पुष्कळ ठिकाणी जिंकणाऱ्याला गल्ल्यावरून पैसे मिळत. म्हणजे ला ग्वार्डियांचं अगदीच चुकलं असं मला वाटत नाही. चूक झाली ती पुढे. खेळ बदलला, कायदा तीन दशकं जागचा हलला नाही. गोंधळ वाढवायला बिंगो नावाची पिनबॉलची भावंडंही होती. त्यांना फ्लिपर नव्हते आणि ती खरंच पैशांसाठी खेळली जात. १९५७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती जुगाराची साधनं ठरवली.

कायद्याच्या धाकाने यंत्रंही बदलली. काही राज्यांत बक्षीस म्हणून मिळणारा फुकट डावसुद्धा जुगारात धरला जाई. म्हणून गॉटलिबने १९६० साली ‘फ्लिपर’ नावाचं यंत्र काढलं. त्यात जिंकलात तर फुकट डाव नाही, चालू डावातच एक गोळी जास्त. सरबत प्यायल्यावर दुसरा पेला मिळत नाही, पण आहे तोच थोडा भरून मिळतो, अशी ही पळवाट.

न्यूयॉर्कची बंदी उठली १९७६ साली. पालिकेच्या समितीपुढे रॉजर शार्प नावाच्या तरुण पत्रकाराने पिनबॉल खेळून दाखवलं. शेवटी त्याने दट्ट्या ओढण्याआधीच सांगितलं की गोळी मधल्या मार्गिकेतून जाईल, आणि ती गेली. हा कौशल्याचा खेळ आहे हे समितीला पटलं. गंमत अशी की तो फटका फ्लिपरचा नव्हता, नुसत्या दट्ट्याचा होता. त्या भाकिताला नशिबानेच साथ दिली असावी असं माझं मत, पण निकाल लागला तो लागला.

“नवी यंत्रं जास्त चांगली नाहीत का?”

बऱ्याच बाबतींत आहेत. १९७४ साली बॅली कंपनीच्या ‘फ्लिकर’ यंत्रात इंटेलची ४००४ ही चिप बसवून प्रयोग झाला आणि १९७७ पासून मोठ्या कंपन्या चिपवाली यंत्रं विकू लागल्या. १९७९ च्या सुमारास जुन्या जातीचं उत्पादन संपलं. चिपमुळे तारा कमी झाल्या, नियम हवे तितके गुंतागुंतीचे करता आले, यंत्रं बोलायला लागली. आजही शिकागोच्या परिसरात स्टर्न कंपनी नवी यंत्रं बनवते आणि ती झकास असतात. उंच रॅम्प, पडदा, एका वेळी पाटीवर चार-सहा गोळ्या.

पण गुणांची महागाई बघा. १९६६ च्या यंत्रावर चार आकडी गुण आणि दहा गुणांनीही डाव फिरतो. नव्या यंत्रावर कोटींमध्ये गुण मिळतात आणि शेवटच्या शून्यांकडे कोणी पाहतही नाही. जुन्या यंत्राचे नियम यंत्राशेजारी उभ्या असलेल्या पाहुण्याला एका वाक्यात सांगता येतात. नव्याचे नियम शिकायला लोक व्हिडिओ बघतात. मला दोन्ही चालतात, पण जेवणानंतर हात पुसत एक डाव टाकायचा असेल तर मी जुन्याकडेच जातो.

सगळंच जुनं ते सोनं नाही. कपाळावरच्या काचेमागची चित्रं रंगाने ताजी आणि रेषेने सफाईदार असली, तरी तोकड्या कपड्यांतल्या हसऱ्या बाया इतक्या आहेत की भाच्याच्या बायकोने दोन यंत्रं तेवढ्याच कारणाने नाकारली. ‘सेंट्रल पार्क’ पास झालं ते माकडामुळे. त्याच्या काचेमागे एक खरंखुरं हलणारं माकड आहे, हातोडीने घंटा वाजवणारं.

“मोबाइलवर हेच मिळतं की!”

विंडोज एक्सपीतलं अंतराळवालं पिनबॉल आठवतं? ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत आपण सगळ्यांनी खेळलेलं. ते पुढच्या विंडोजमध्ये का नाहीसं झालं याची एक मजेदार कथा आहे. ६४ बिटांच्या विंडोजसाठी तो प्रोग्रॅम नव्याने बांधायला घेतला तर गोळी वस्तूंमधून आरपार जाऊ लागली. टक्कर झाली हे प्रोग्रॅमला कळेना. कारण सापडेना, शेवटी मायक्रोसॉफ्टने खेळच वगळला.

खऱ्या यंत्रात गोळीला टक्कर शिकवावी लागत नाही. तिचं वजन, रबराचा ताण, पाटीवरचं मेण, जमिनीचा उंचसखलपणा, सगळं आपापलं काम करतं. एकाच साच्याची दोन यंत्रं शेजारी ठेवली तरी ती वेगळी खेळतात. एकाचा डावा हात उतावळा असतो, दुसऱ्याची उजवी गल्ली अधाशी. आजचे मोबाइलवरचे पिनबॉल खूपच सुधारले आहेत, नियम शिकायला उत्तमच. पण त्यात मांडीला काही जाणवत नाही.

“बिघडत नाही का?”

बिघडतं! सतत बिघडतं. पण कसं बिघडतं ते महत्त्वाचं. चिपवाल्या यंत्राचा बोर्ड गेला की बहुतेक वेळा अख्खा बोर्ड बदलतात. इथे नव्वद टक्के आजार तीनच, असं माझं अनुभवाचं गणित: ठिपक्यांवर जमलेला काळा थर, वाकलेली पट्टी आणि पन्नास वर्षांपूर्वीचं थिजून गोंद झालेलं ग्रीस.

भाच्याचं यंत्र आलं तेव्हा चालू होऊन अडकलं. बटण दाबलं की चाकं शून्याकडे निघायची, शतकाचं चाक मध्येच थांबायचं आणि मोटर फिरतच राहायची, कारण सगळी चाकं शून्यावर आल्याशिवाय तिला थांबायचा हुकूमच नाही. दोन दिवस त्याने इंटरनेटवर शोधलं. मी चाक काढलं, ग्रीस पुसून काढलं, कोरडंच परत बसवलं. कॉइलच्या दांड्याला तेल घालायचं नसतं, धूळ धरतं. ठिपक्यांमध्ये जुन्या व्हिजिटिंग कार्डाची पट्टी घालून हलकेच ओढली. काळी रेघ कागदावर आली. खात्यात असताना आम्ही हेच करायचो, माझा हात विसरला नव्हता. घाई करून कानस मारली तर चांदीचे ठिपके झिजून जातात, एवढं लक्षात ठेवावं.

विकत घ्यावं का, असं कोणी विचारलं तर मी आधी जागा विचारतो, मग जिना. भारतात आणायचं तर अमेरिकेतलं यंत्र आपल्या २३० व्होल्टवर सरळ लावायचं नाही, मधे व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर हवा. आणि कपाळाची काच नीट तपासा. तार बदलता येते, रबर बदलता येतं, काचेमागच्या रंगाचे पोपडे निघाले तर ते परत चिकटत नाहीत. गुंतवणूक म्हणून घेत असाल तर सोनं घ्या. नुसतं खेळायचं असेल तर संग्रहालयं आहेत: अॅस्बरी पार्कचं सांगितलंच, कॅलिफोर्नियात अॅलमीडाला आहे, लास व्हेगासला आहे, युरोपात बुडापेस्टला आहे.

ते दातेरी चाक

फुकट डावांच्या चाकाचं सांगायचं राहिलं. यंत्राला तळघरात पहिल्यांदा वीज दिली तेव्हा काचेतल्या छोट्या खिडकीत ३ हा आकडा होता. आधीच्या मालकाच्या म्हणण्याप्रमाणे ते त्याच्या गोदामात कित्येक वर्षं बंद पडून होतं. म्हणजे कोणीतरी कधीतरी जिंकलेले आणि न खेळता सोडून दिलेले तीन डाव त्या चाकाने तेवढी वर्षं धरून ठेवले होते.

एक त्या पहिल्याच अडकलेल्या प्रयत्नात गेला. दुरुस्तीनंतर दुसरा भाच्याने माझ्या हाती दिला, पाचही गोळ्या मिळून मी जेमतेम पाचशे गुण केले, माकडाने मोजून घंटा वाजवल्या. त्यानंतर आम्ही नाण्याच्या दारात हात घालून नाण्याचा स्विच बोटाने टेकवतो आणि डाव सुरू करतो. खिडकीत अजून १ आहे.